नेरूळचा अभंग, तंजावरची वाट

नेरूळ-वाशीकडे तमिळ मंडळींच्या भजनाला कधी बसलात तर एक गंमत दिसेल. आरंभी तोडयमंगळम् म्हणजे सुरुवातीची मंगलपदं, मग गुरुध्यान, आणि लगेच चक्क मराठीतून गुरूचा अभंग. मृदंग वाजत असतो, गाणाऱ्यांच्या हातात जालरा, म्हणजे आपले टाळच. शेजारच्या मराठी घरांत कौतुक होतं की इथे राहून मंडळी किती रुळली! पण नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली १९७० साली. हा अभंग त्यांच्या पद्धतीत त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

तो तिथे पोचला तंजावरमार्गे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली, ती १८५५पर्यंत टिकली. दरबार मराठी, रयत तमिळ आणि संगीतरचनेची भाषा बव्हंशी तेलुगू. कर्नाटक संगीताचे थोर रचनाकार त्यागराज (१७६७–१८४७) याच राज्यात तेलुगू कृती, म्हणजे गाण्याच्या बंदिशी, रचत होते. दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८–१८३२) तर हौशी आणि चौकस. त्यांच्या पदरी पाश्चात्त्य वाद्यांचा ताफाही होता. युरोपीय व्हायोलिन कर्नाटक संगीतात रुजलं ते साधारण याच सुमारास, त्यागराजांचे समकालीन रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांचे धाकटे बंधू बालुस्वामी यांच्यासारख्यांमुळे.

राज्य गेलं, तरी येणं-जाणं थांबलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी कीर्तनकार मोरगावकरबुवा तंजावरला गेले आणि त्यांच्या कीर्तनांनी तिथली मंडळी भारावून गेली. तंजावर कृष्ण भागवतरांनी त्या धर्तीवर तमिळ हरिकथा उभी केली आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग हे सगळे मराठी छंद तमिळ आख्यानात आणले. आपल्याकडे साकी-दिंडी म्हटलं की संगीत नाटक आठवतं. तिकडे ती देवळाच्या मंडपात ऐकू येते. मला तरी हे तमिळ साकी-दिंडीचं प्रकरण या सगळ्यात सर्वांत लोभस वाटतं.

उलट दिशेनेही बरंच आलं. मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तरेतल्या कैराण्याचे. म्हैसूर दरबारी जाऊन-येऊन त्यांच्या सरगमेवर कर्नाटकी वळण चढलं, आणि त्यागराजांची खरहरप्रिया रागातली कृती त्यांनी ध्वनिमुद्रिकेत गायली. त्यांच्या किराणा घराण्याच्या या सरगमेला नाकं मुरडणारे तेव्हाही होते. मुत्तुस्वामींचे वडील रामस्वामी दीक्षितर यांनी रचलेला हंसध्वनी राग हिंदुस्तानी मैफलीत रुळला त्यात भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँचा मोठा वाटा, म्हणजे तो आपल्याकडे आला मुंबईच्याच एका मोहल्ल्यातून.

विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांच्या पश्चात शिष्यांनी उभारलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तू आज वाशीत आहे. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या त्याच्या परीक्षांना गायन-वादनाबरोबर भरतनाट्यमही असतं. त्या नृत्याचा आरंभीच्या अलारिपूपासून शेवटच्या तिल्लान्यापर्यंतचा क्रम बसवला तो तंजावरच्या चौघा भावांनी, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू यांनी. सरफोजींच्या दरबारात ते होते, आणि खुद्द सरफोजींनी त्या नाचासाठी मराठीत 'निरूपणं', म्हणजे नाचातून कथा सांगणाऱ्या पदांच्या मालिका, लिहून ठेवली आहेत. मंडळाच्या विशारद परीक्षेला बसणाऱ्या मुलींच्या मराठी आई-वडिलांना हे कुणीतरी सांगायला हवं. क्लासच्या फीबद्दल कुरकुर कदाचित थोडी कमी होईल.