विंडोज न विचारता अपग्रेड झालं आणि नुकसान झालं, तर नाशिकमध्ये ग्राहक आयोगात तक्रार कशी करायची

पहिली गोष्ट, फॉरमॅट मारू नका. कॉम्प्युटरवर आपण न सांगता नवीन विंडोज बसलं, प्रिंटर ओळखेना, जुनं सॉफ्टवेअर उघडेना, की बहुतेक लोक मशीन उचलून एम.जी. रोडला नेतात, चार-पाचशे देऊन फॉरमॅट करून घेतात आणि मग आठवड्याने कुणीतरी सांगतं की अरे याची तर ग्राहक आयोगात तक्रार करता येते. येते ना, पण पुरावा तर त्या फॉरमॅटमध्येच गेला, आता दाखवणार काय?

म्हणून आधी पुराव्याचं बघू, कायदा नंतर. मोबाईल घ्या आणि स्क्रीनचे फोटो, व्हिडिओ काढा. सर्चमध्ये विनव्हर (इंग्रजीत winver) टाइप केलं की कुठलं व्हर्जन आहे ते दिसतं, त्याचा फोटो. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, तिथे अपडेट हिस्ट्री, त्यात कुठल्या तारखेला काय बसलं ते येतं, त्याचा फोटो. कमांड प्रॉम्प्टमध्ये (सर्चमध्ये cmd टाइप केलं की उघडते ती काळी खिडकी) सिस्टिमइन्फो (systeminfo) टाकलं की ओरिजिनल इन्स्टॉल डेट दिसते. मोठं अपग्रेड झालं की ही तारीख बदलून अपग्रेडच्या दिवसाची होते. म्हणजे लॅपटॉपचं बिल २०२१ चं आणि इन्स्टॉल डेट परवाची, हे दोन कागद शेजारी ठेवले की मशीनमध्ये मधे काहीतरी झालंय हे सांगायला वेगळा एक्स्पर्ट लागत नाही. जे चालत नाही त्याचा पण व्हिडिओ काढा, एरर मेसेज वाचता येईल असा.

हे सगळं झालं की मग जुन्या विंडोजवर परत जायचा प्रयत्न करा. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, तिथे गो बॅक असतं, पण ते अपग्रेडनंतर साधारण १० दिवसच चालतं, नंतर सी ड्राइव्हमधलं जुन्या विंडोजचं फोल्डर उडतं आणि रस्ता बंद होतो. नुकसान कमी करायचा प्रयत्न तुम्ही केलात हे आयोगासमोर चांगलं दिसतं, आणि गो बॅक करूनही चाललं नाही तर तो पण पुरावाच.

आता प्रश्न येतो की अशी केस बसते का मुळात. जगात बसलेली आहे. विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला, पुढे वर्षभर ते ७ आणि ८.१ वाल्यांना फुकट होतं, आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते रेकमेंडेड अपडेटमध्ये टाकलं. अपग्रेडची सूचना देणारी खिडकी यायची, तिच्यातली लाल फुली दाबली तरी अपग्रेडची ठरलेली वेळ तशीच राहायची, म्हणजे लोकांना वाटायचं आपण नको म्हटलं आणि मशीन समजायचं हो म्हटलं. कॅलिफोर्नियातल्या एका ट्रॅव्हल एजंट बाईंचा ऑफिसचा कॉम्प्युटर यात बिघडला, त्या तिथल्या छोट्या दाव्यांच्या कोर्टात गेल्या, १०,००० डॉलर मिळाले, आणि कंपनीने अपील मागे घेतलं. जर्मनीत बाडेन-वुर्टेम्बर्गच्या ग्राहक संघटनेने कोर्टात नेल्यावर संमतीशिवाय अपग्रेडच्या फायली लोकांच्या डिस्कवर उतरवणार नाही असं कंपनीने २०१७ मध्ये लिहून दिलं. मोबाईलचंही तसंच, अपडेटने फोन स्लो झाले म्हणून इटलीने २०१८ मध्ये ॲपल आणि सॅमसंग दोघांना दंड केला. आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने आयफोनच्या अपडेटच्या तक्रारींवरून ॲपलला नोटीस काढली होती. तेव्हा "एवढ्या मोठ्या कंपनीचं आपण काय वाकडं करणार" हे डोक्यातून काढून टाका.

तक्रार कोण करू शकतं

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात ग्राहक म्हणजे पैसे मोजून वस्तू किंवा सेवा घेणारा. व्यापारी कामासाठी घेतली असेल तर तो ग्राहक नाही. इथेच नाशिकमधले अर्धे लोक घाबरून मागे फिरतात, की माझं तर दुकान आहे, मी कसा ग्राहक. पण त्याच कलमात पुढे स्पष्ट लिहिलंय की फक्त स्वतःचं पोट भरायला स्वयंरोजगार म्हणून वापर असेल तर तो व्यापारी हेतू धरला जात नाही. सुप्रीम कोर्टाने लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या १९९५ च्या निकालात हे नीट समजावलंय, आणि २०२४ मध्ये श्रीराम चिट्सच्या निकालात असंही सांगितलं की व्यापारी हेतू होता हे सिद्ध करायची जबाबदारी समोरच्याची.

समजा सिडकोत एका ताईंचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, एकच कॉम्प्युटर, त्या स्वतःच टायपिंग करतात, लग्नपत्रिका, दहावं-तेराव्याची पत्रं, बायोडाटा. मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर, मागे यूएसबीला डोंगल लावलेलं, म्हणजे ते सॉफ्टवेअर उघडायची किल्ली. रातोरात विंडोज ११ बसलं आणि डोंगलचा ड्रायव्हर गेला, ऐन लग्नसराईत. या ताई ग्राहक आहेत. पण अंबडच्या एखाद्या कंपनीत चाळीस मशीन आहेत आणि सगळी एकदम बंद पडली, तर ती कंपनी ग्राहक आयोगात टिकणं अवघड, त्यांनी दिवाणी कोर्टाचा विचार करावा.

आणि हो, विंडोज ओरिजिनल पाहिजे. दुकानदाराने क्रॅक मारून दिलेलं असेल तर सॉफ्टवेअर कंपनीविरुद्ध जाण्यात काही अर्थ नाही, लायसन्सच नाही तर पैसे मोजल्याचं दाखवणार कसं.

फुकट दिलेल्या अपग्रेडची तक्रार कशी, असं समोरचा वकील हमखास विचारतो, कारण फुकट सेवा कायद्यात सेवा धरत नाहीत. त्याचं उत्तर तक्रारीतच लिहून ठेवा, की लॅपटॉप घेताना विंडोजच्या लायसन्सची किंमत लॅपटॉपच्या किमतीत भरली होती आणि या अपग्रेडने ती विकत घेतलेली वस्तूच बिघडवली. तयार सॉफ्टवेअर ही वस्तू आहे असं सुप्रीम कोर्टाने टीसीएसच्या २००४ च्या निकालात म्हटलेलं आहे, तो विक्रीकराचा निकाल होता, पण इथे मुद्द्याला जोर येतो.

सामनेवाले कोण, म्हणजे तक्रार कुणाविरुद्ध

हे नीट ठरवा, केस इथेच जिंकली किंवा हरली जाते असं माझं मत आहे. अपग्रेड आपोआप इंटरनेटवरून आलं असेल तर सॉफ्टवेअर कंपनी, तिचं भारतातलं ऑफिस. लॅपटॉप कंपनीच्या स्वतःच्या अपडेट प्रोग्रामने उतरवलं असेल तर ती कंपनी. आणि तुम्ही कीबोर्ड दुरुस्तीला मशीन टाकलं आणि दुकानाने न विचारता विंडोज बदलून दिलं तर सामनेवाला ते दुकान, इथे तर केस सगळ्यात सोपी, कारण सांगितलेलं काम एक आणि केलं दुसरंच, सरळ सेवेतली त्रुटी. जॉब शीट जपून ठेवा, त्यावर काय काम लिहिलंय तेच बघितलं जातं. विक्रेत्याने मशीन विकताना "यात पुढचं विंडोज चालणार नाही" हे लपवलं असेल तर ती पण तक्रार होते. मात्र विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला एवढ्यावरून केस उभी राहत नाही हो, सपोर्ट संपणं वेगळं आणि आपल्या मशीनवर जबरदस्तीने काहीतरी बसवणं वेगळं.

कंपन्या एक कागद नक्की पुढे करतील, लायसन्स ॲग्रीमेंट. त्यात अपडेट आपोआप येतील असं तुम्ही मान्य केलंय असं म्हणतील. तुमचं म्हणणं असं पाहिजे की सुरक्षेचे छोटे अपडेट मान्य, पण अख्खी सिस्टिम बदलायची संमती मी दिलेली नाही, स्क्रीनवर नको म्हणायचं बटण नीट दिसेल असं नव्हतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या स्क्रीनच्या युक्त्यांबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात १३ प्रकार आहेत, सारखं सारखं विचारून हैराण करणं आणि पर्याय लपवणारी स्क्रीन हे दोन्ही त्यात येतात, त्यांचा उल्लेख जरूर करा. पण ॲग्रीमेंटमधलं ते कलमच अन्यायकारक म्हणून रद्द करा अशी मागणी जिल्हा आयोगात करू नका, तो अधिकार राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला आहे, उगाच अधिकारक्षेत्राचा वाद ओढवून घ्याल. ॲग्रीमेंटमध्ये लवादाचं कलम दाखवून अडवलं तर घाबरायचं नाही, लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही हे एमार एमजीएफ प्रकरणात २०१८ मध्ये ठरलंय.

पायऱ्या

आधी कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा, फोन नको, फोनचा कागद राहत नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५, मराठीत बोलता येतं, डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, मिळतो तो लिहून ठेवा. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. ही पायरी सक्तीची नाही, पण केलेली बरी. एक लक्षात ठेवा, हेल्पलाइनवर तक्रार चालू आहे म्हणून मुदत थांबत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत आयोगात यावं लागतं, उशीर झाला तर कारणासकट विलंब माफीचा वेगळा अर्ज जोडावा लागतो.

नंतर १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने, पावती आणि ट्रॅकिंगची प्रिंट ठेवा. वकिलाचीच नोटीस पाहिजे असं काही नाही, स्वतःच्या सहीने चालते. कंपनीचा नोंदणीकृत पत्ता केंद्राच्या कंपनी व्यवहार खात्याच्या साइटवर नावाने शोधला की मिळतो. बिलावरचा शोरूमचा पत्ता टाकून नोटीस परत आली की महिने वाया जातात.

मग तक्रार. वस्तू विकत घेताना मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, म्हणजे लॅपटॉपच्या केसेस सगळ्या इथेच. आणि ती किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. फी किंवा आयोग तुम्ही किती भरपाई मागता त्यावर ठरत नाही, किती पैसे मोजले त्यावर ठरतो, जुन्या कायद्यात वेगळं होतं म्हणून अजून लोकांचा घोळ होतो. कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची, तक्रारदार जिथे राहतो किंवा कामधंदा करतो तिथे तक्रार करता येते, ही २०१९ च्या कायद्याची सगळ्यात मोठी सोय. मालेगाव, येवला, सुरगाण्याच्या माणसाने दिल्लीला जायची गरज नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल केली तर दाखल करायलासुद्धा नाशिकची एसटी पकडावी लागत नाही. वकील सक्तीचा नाही, मराठीत लिहिलेली तक्रार चालते.

कागदपत्रं

तक्रार अर्ज आणि त्यासोबत शपथपत्र, आधार किंवा दुसरं ओळखपत्र, लॅपटॉपचं जीएसटी बिल, लॅपटॉपखालच्या स्टिकरचा फोटो ज्यात सीरियल नंबर दिसतो, वर सांगितलेले स्क्रीनचे फोटो आणि पेनड्राइव्हमध्ये व्हिडिओ, ईमेल, डॉकेट नंबर, नोटीस आणि पोस्टाच्या पावत्या. फोटो-व्हिडिओ-ईमेलसाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा, जुन्या साक्ष कायद्यातल्या कलम ६५-ब च्या जागी आता हे आहे. दुरुस्ती करणाऱ्याकडून लेटरहेडवर चार ओळी लिहून घ्या की मशीन आलं तेव्हा काय अवस्थेत होतं आणि बिघाड कशामुळे, नुसतं "सॉफ्टवेअर प्रॉब्लेम" लिहिलेलं बिल काही कामाचं नाही. सगळ्याला पान नंबर, पहिल्या पानावर यादी. प्रत्यक्ष देणार असाल तर जितके सामनेवाले तितक्या जादा प्रती.

सगळ्यात कच्चा भाग असतो नुकसानीचा. लोक "मानसिक त्रासाबद्दल ५ लाख" लिहून टाकतात आणि प्रत्यक्ष नुकसानीचा एक कागद नसतो. सिडकोच्या त्या ताईंनी काय करायचं, तर बिलबुकातली गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याची आणि यंदाची पानं समोरासमोर लावायची, रद्द झालेल्या पत्रिकांच्या ऑर्डरचे व्हॉट्सॲप मेसेज, परत केलेल्या ॲडव्हान्सची यूपीआय नोंद, नवीन डोंगल किंवा सॉफ्टवेअर घ्यावं लागलं त्याचं बिल, डेटा रिकव्हरीचं बिल. मशीन किती दिवस बंद होतं ते तारखांसकट. मग त्रासाची रक्कम वेगळी आणि तक्रारीचा खर्च वेगळा मागायचा. मागणीत पैशांसोबत दोष दूर करून द्या, जुनी सिस्टिम मोफत बसवून द्या हेही लिहा, कायद्याच्या कलम ३९ मध्ये आयोगाला हे सगळे आदेश देता येतात. रोजचं काम अडलंय तर अंतरिम आदेशाचा अर्ज पण करता येतो.

दाखल झाल्यावर

तक्रार स्वीकारायची की नाही हे साधारण २१ दिवसांत ठरायला हवं. सामनेवाल्याला नोटीस मिळाली की ३० दिवसांत लेखी जबाब, जास्तीत जास्त १५ दिवस वाढवून, त्यापुढे नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये पक्कं केलंय, तेव्हा ४५ दिवस उलटले की जबाबाशिवाय पुढे चालवा असा अर्ज लगेच द्या. मध्यस्थीला पाठवलं तर जा, कंपनी बऱ्याचदा तिथे नवीन लायसन्स आणि थोडी रक्कम द्यायला तयार होते. निकाल कायद्याप्रमाणे ३ महिन्यांत, तपासणी लागली तर ५, प्रत्यक्षात जास्त लागतो, मनाची तयारी ठेवा आणि तारखा चुकवू नका, गैरहजर राहिलात तर तक्रार निकाली निघू शकते. व्हिडिओ कॉन्फरन्सवर सुनावणी मागता येते.

निकाल पटला नाही तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील. कंपनीने अपील केलं तर तिला आदेशातल्या रकमेच्या निम्मे पैसे आधी भरावे लागतात. आणि अपील न करता पैसेही देत नसतील तर त्याच जिल्हा आयोगात दरखास्त, म्हणजे आदेशाची अंमलबजावणी करा असा अर्ज, टाका, आदेश न पाळणाऱ्याला कलम ७२ खाली १ महिना ते ३ वर्षं कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

स्वतःच्या भरपाईशिवाय, हे सगळ्यांसोबत होतंय ते थांबवा असं वाटत असेल तर वेगळा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा थेट केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे करता येतो. तिथून तुम्हाला पैसे मिळत नाहीत, पण चौकशी आणि दंड होऊ शकतो, आणि आयोगातली केस चालू असताना हा अर्ज करायला काही अडचण नाही.