वाघ्या घेवड्याचे पट्टे कुठे गेले?

नऊ महिन्यांच्या बाळासमोर चित्रांचं पुस्तक उघडा आणि गंमत बघा. पानावरची स्ट्रॉबेरी ते चिमटीत पकडायला जातं, नखाने खरवडतं, हाती काहीच येत नाही म्हटल्यावर पान थेट तोंडात. ज्युडी डीलोश या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली हे नीट तपासून पाहिलं. अमेरिकेतली बाळं असोत की पश्चिम आफ्रिकेत आयव्हरी कोस्टमधली, चित्रांची पुस्तकं जवळपास न पाहिलेली बाळं असोत, प्रकार तोच. दीड वर्ष उलटलं की मात्र हा खटाटोप ओसरतो. १९ महिन्यांचं मूल चित्र उचलायला जात नाही, त्याच्याकडे बोट दाखवतं. ही वस्तू नाही, वस्तूची खूण आहे, एवढं त्याला उमगलेलं असतं.

वरवर साधी दिसणारी ही उडी फार मोठी आहे. पण खूण ओळखता आली म्हणून ती खऱ्या वस्तूशी आपोआप जुळते असं नाही. पॅट्रिशिया गानेआ आणि डीलोश यांनी २००८ मध्ये दीड वर्षाच्या आसपासच्या मुलांना पुस्तकातून अनोळखी वस्तूंची नावं शिकवली आणि मग खऱ्या वस्तू पुढे ठेवल्या. छायाचित्रं किंवा हुबेहूब चित्रं असतील तर मुलांना वस्तू चांगली ओळखता आली. चित्र जितकं व्यंगचित्राकडे झुकलेलं, तितकं हे काम अवघड झालं. डोळे, हातमोजे आणि बूट घातलेल्या टोमॅटोबद्दल माझं मत आधीपासूनच फारसं बरं नव्हतं, हे इथे सांगून टाकते.

सातारा जिल्ह्यात राहणाऱ्यांना तर चित्र आणि वस्तू शेजारी-शेजारी ठेवणं सहज जमण्यासारखं आहे. पाचगणी-महाबळेश्वरच्या रस्त्यावरचं भिलार ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालं. घराघरांत पुस्तकांची कपाटं, बालसाहित्याला वेगळी जागा, आणि बाहेर बघावं तर स्ट्रॉबेरीचे वाफे. मुलाला घेऊन तिथे गेलात तर पुस्तकातल्या स्ट्रॉबेरीवरचे ठिपके आणि हातातल्या फळावरचे ठिपके ताडून बघायला सांगा. ते दीडशे-दोनशे ठिपके म्हणजे बिया असं आपण समजतो. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तो प्रत्येक ठिपका हेच एक स्वतंत्र फळ असतं, बी त्याच्या आत, आणि आपण चवीने खातो तो लाल गर म्हणजे फुलाच्या देठाचं फुगलेलं टोक. चार वर्षांच्या मुलाला हे सगळं सांगायची गरज नाही. ठिपके बाहेरून आहेत आणि पेरूच्या बिया आत असतात, एवढं त्याचं त्याला दिसलं तरी पुष्कळ.

मुळात चित्रपुस्तक वाचून दाखवायचं कशाला, गप्पा मारल्या तर चालणार नाही का? चालतील, पण गप्पांमधले शब्द फिरून फिरून तेच असतात: ये, बस, जेव, हात धू, पडशील. जेसिका मोंटॅग आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये शंभर चित्रपुस्तकांमधले शब्द आणि मोठी माणसं मुलांशी बोलताना वापरतात ते शब्द यांची तुलना केली. तेवढ्याच मजकुरात पुस्तकांत वेगवेगळे शब्द जास्त भरले. गुहा, आयाळ, डरकाळी, सुगरण हे शब्द आपण जेवणाच्या ताटावर बसून वापरत नाही.

दुसरा एक गैरसमज अक्षरांबद्दलचा. मांडीवर घेऊन वाचलं की मूल हळूहळू अक्षरं ओळखू लागेल, असं बऱ्याच आईबापांना वाटतं. मेरी अ‍ॅन इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांची नजर कुठे फिरते ते यंत्राने टिपलं. नजर जवळजवळ सगळा वेळ चित्रांवर. अक्षरांकडे ती क्वचितच गेली. म्हणून 'इकडे बघ, हा क' हा घोशा त्या वेळी सोडून दिलेला बरा. चित्र बघत असताना बोलायला हवं ते चित्राबद्दल.

कसं बोलायचं, याचं उत्तर ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांच्या न्यूयॉर्कमधल्या गटाने १९८८ मध्ये दिलं. दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या आईवडलांना त्यांनी फक्त एवढंच शिकवलं की वाचताना 'हो-नाही'त उत्तर संपेल असे प्रश्न कमी करा, 'काय चाललंय?', 'का बरं?' असं विचारा, आणि मूल दोन शब्द बोललं तर त्याला तिसरा जोडून परत द्या. महिन्याभराने ही मुलं बोलण्याच्या चाचण्यांत, तितकीच पुस्तकं ऐकलेल्या इतर मुलांच्या काही महिने पुढे निघाली. पुस्तकं दोन्हीकडे होती. फरक पडला तो मुलाला बोलू देण्याने.

आता चित्रातली गोष्ट खऱ्या वस्तूशी जोडायला स्वयंपाकघरात येऊ. कोरेगाव तालुक्यात पिकणाऱ्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे. दाण्यावर तांबूस पट्टे, म्हणून वाघ्या. माझ्या बहिणीच्या घरी वाघाच्या गोष्टीचं एक पुस्तक भाचीच्या हातून सुटत नाही, आणि तिच्या आजीने एका संध्याकाळी काही न ठरवता मूठभर घेवडा पुस्तकाच्या पानावरच ओतला. पोरगी दाणे वाघाच्या अंगावर मांडत बसली. मग पेला भरून मोजून पातेल्यात टाकले, पाणी घातलं. सकाळी दाणे टम्म फुगलेले, एका पेल्यात मावेनात, पाणी गढुळलेलं. दुपारी कुकर उघडला तर सगळा घेवडा एकसारखा मातकट.

"आज्जी, पट्टे कुठं गेले?"

"शिजले की गं. पाण्यात उतरले."

"मग वाघ पावसात भिजला तर?"

या प्रश्नावर आजी माझ्याकडे बघायला लागली.

उत्तर खरोखर छान आहे. घेवड्याच्या सालीतली रंगद्रव्यं पाण्यात विरघळणारी असतात. दाणा भिजतो, शिजताना पेशींच्या भिंती सैल पडतात, आतला रंग सुटून पाण्यात आणि दाण्यातच इकडेतिकडे पसरतो, त्यामुळे पट्ट्याची कड उरत नाही. वाघाच्या पट्ट्यातलं मेलॅनिन हे रंगद्रव्य पाण्यात विरघळत नाही. शिवाय वाघाचे पट्टे नुसते केसांवर नसतात, खालच्या कातडीवरही असतात. उपचारासाठी केस काढले तरी पट्टा दिसतोच. कोयना-चांदोलीच्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात पाऊस काय कमी कोसळतो? तिथल्या वाघाचं काही बिघडत नाही. एवढं सांगून झाल्यावर भाचीने पुस्तक पुन्हा आणलं आणि नदीतून जाणाऱ्या वाघाचं पान शोधून काढलं. ते पान आधी कितीदा तरी उलटून गेलं होतं, पण त्यात पाणी आहे याची दखल तिने तोवर घेतली नव्हती.

घेवड्याबद्दल एक गोष्ट कडक शब्दांत सांगायला हवी. कच्चा घेवडा, राजमा यांत एक प्रथिन असतं, त्याने मोजके दाणे खाल्ले तरी सडकून उलट्या होऊ शकतात. रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, खळखळ उकळत नीट शिजवला की ते निकामी होतं. मंद आचेवर अर्धवट शिजवलेला घेवडा कच्च्याहून वाईट. आणि तीन वर्षांखालच्या मुलापुढे सुटे दाणे ठेवायचेच नाहीत. नाकात घातलेला दाणा आत फुगतो, आणि रात्री डॉक्टर शोधत फिरावं लागतं.

हाताने केलं की गोष्ट डोक्यात जास्त का बसते? आर्थर ग्लेनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये पहिली-दुसरीच्या मुलांना शेताच्या गोष्टी वाचायला दिल्या. काही मुलांपुढे खेळण्यातला गोठा, प्राणी, ट्रॅक्टर होते, आणि वाक्य वाचलं की तसं करून दाखवायचं होतं. या मुलांना गोष्ट लक्षातही जास्त राहिली आणि समजलीही जास्त. पुढे खेळणी काढून घेतली आणि 'मनातल्या मनात करून बघ' म्हटलं, तरी फायदा टिकला. ग्लेनबर्ग यांचं म्हणणं असं की, शब्द कळतो तो वस्तूशी आणि कृतीशी जोडला गेल्यावर. लहान वाचकाचा बराचसा दम अक्षरं लावण्यात जातो आणि ही जोडणी राहून जाते. हाताने केलं की ती टाळता येत नाही.

कणकेइतकं स्वस्त आणि चांगलं साधन तर दुसरं नाही. नवजात बाळाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर तिथली आठही हाडं दिसत नाहीत, कारण ती अजून कूर्चा, म्हणजे मऊ, लवचीक असतात. ती एकामागून एक टणक होत जातात आणि शेवटचं, वाटाण्याएवढं हाड दिसायला आठ ते बारा वर्षं लागतात. अशा हाताला मळणं, थापणं, चिमटी काढणं हे खेळ मानवतात. पण कणकेत त्याहून मोठी मजा आहे. सारख्या आकाराचे दोन गोळे मुलाच्या हातात द्या, सारखे आहेत हे त्याच्याकडूनच वदवून घ्या. मग एक गोळा लाटा आणि विचारा, जास्त कणीक कशात? चार-पाच वर्षांची बहुतेक मुलं ठामपणे पोळीकडे बोट दाखवतात. पोळी पुन्हा गोळा केली की म्हणतात, आता सारखे. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञांनी हाच प्रयोग मातीच्या गोळ्यांवर केला होता. साधारण सहा-सात वर्षांच्या पुढे मूल म्हणू लागतं, 'तूच तर लाटलंस, घातलं कुठे काय?' त्याआधी समजावून फारसा उपयोग होत नाही, आणि चूक सुधारायची घाईही नको. पोळी मोठी म्हणून भावाला राग येत असेल तर त्याच्या पोळीचे चार तुकडे करून द्यावेत. तुकडे जास्त म्हणून तो खूश होतो. हे आयांना पियाजेच्या आधीपासून ठाऊक आहे.

उरलेल्या मैद्याची खळ करा. पीठ पाण्यात कालवलं तर नुसतं पांढरं पाणी. गॅसवर ढवळत साधारण ६० अंशांच्या पुढे गेलं की स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि मिश्रण एकदम दाट, चिकट होतं. चटके मोठ्यांनी सोसायचे, ढवळताना बघायचं काम मुलांचं. त्या खळीने जुन्या वर्तमानपत्रातून फाडलेले तुकडे चिकटवून वाघ करता येतो. फाडलेले, कापलेले नव्हे. तीन वर्षांच्या हाताला फाडणंच जमतं, आणि फाटक्या कडा वाघाला शोभतातही.

मात्र हस्तकलेचा सोस अंगाशी येतो. २०१० मध्ये डीलोश यांच्याच गटाने ओढायच्या पट्ट्या, उघडणाऱ्या खिडक्या आणि उभी राहणारी चित्रं असलेल्या पुस्तकांची परीक्षा घेतली. साध्या पुस्तकातून मुलं जास्त शिकली. पट्टी ओढण्यातच लक्ष अडकलं की प्राण्याचं नाव कानावरून निघून जातं. ग्लेनबर्ग म्हणतात हात चालवा आणि हे म्हणतात हात थांबवा, असा घोळ वाटेल. पण ग्लेनबर्ग यांच्या मुलांचे हात गोष्टीतलीच कृती करत होते. पट्टी ओढणाऱ्या हाताचा गोष्टीशी काही संबंध नव्हता. घरी काही करायला घ्यायच्या आधी एवढी एक कसोटी लावून बघावी. वाघाच्या गोष्टीनंतर घेवडा भिजवला तर अंगावरच्या पट्ट्यांबद्दल बोलणं होतं. वाघाच्या गोष्टीनंतर थर्माकोलचा ताजमहाल केला, तर तो आईने रात्री जागून पुरा केलेला ताजमहाल असतो, बाकी काही नाही.

खाण्याचं काय? दोन ते सहा या वयात नव्या भाजीला नाक मुरडणं इतकं सर्रास आहे की त्याला हट्ट म्हणणं अन्यायाचं होईल. ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठात २०१४ मध्ये दिसून आलं की, न आवडत्या किंवा अनोळखी भाजीचं चित्रपुस्तक दोन आठवडे घरी बघितल्यावर लहान मुलं ती भाजी चाखायला जास्त तयार होतात. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या एका प्रयोगात ६ ते १० वर्षांच्या ४७ मुलांपैकी ज्यांनी पालकांसोबत स्वयंपाक केला, त्यांनी इतरांपेक्षा ७६ टक्के जास्त सॅलड खाल्लं. मात्र तो एकाच जेवणाचा हिशेब आहे, मुलं मोठी आहेत आणि प्रयोग करणारे एका बड्या खाद्य कंपनीच्या संशोधन केंद्रातले होते. घेवड्याची उसळ आपल्या हाताने भिजवली म्हणून कार्टं ताट चाटून-पुसून खाईल, अशा आशेवर राहू नये. एक दाणा तोंडात घालून बघितला तरी काम झालं.

आणि दर आठवड्याला नवं पुस्तक आणायची धडपडही अनाठायी आहे. ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट यांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांना नवे शब्द तितक्याच वेळा ऐकवले. फक्त काहींना तीच गोष्ट परत परत, काहींना वेगवेगळ्या गोष्टींतून. तीच गोष्ट ऐकलेल्या मुलांना शब्द जास्त आले.

त्यामुळे खर्चाचं कारण सांगता येत नाही. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्यातून अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम जेवण मिळतं. कडधान्य तिथे भिजतं, शिजतं, आणि मुलांपुढे येतं ते एकदम ताटलीत. ताईंनी आदल्या दिवशी ओंजळभर कोरडी मटकी एका वाटीत दाखवली, दुसऱ्या दिवशी मोड आलेली दाखवली आणि दोन्ही वेळा बी रुजण्याचं एकच पुस्तक उघडलं, तर वेगळा तास लागत नाही, सामान लागत नाही. ताईंना त्यासाठी रजिस्टरं भरण्यातून पाच मिनिटं मोकळी मिळायला हवीत, ती कशी मिळतील हे पर्यवेक्षिकाबाईंनी बघावं.