एसी कट-ऑफ झाला की ट्रिप झाला? आधी हे बघा

एप्रिल-मे आला की घरोघरी एकच तक्रार, एसी आपोआप बंद होतोय. पण यात दोन एकदम वेगळ्या गोष्टी असतात, आणि त्यातली एक बिघाड नाहीच. हे माहीत नसलं की लोक चांगल्या एसीत गॅस भरून घेतात आणि खरा आजारी असलेला एसी तसाच रेटत राहतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

कट-ऑफ म्हणजे तुम्ही २४ वर सेट केलंत, खोली २४ ला आली, सेन्सरने ते ओळखलं आणि बाहेरच्या युनिटचा कॉम्प्रेसर थांबला. आतला पंखा चालू, डिस्प्ले चालू, फक्त हवा आधीसारखी गार लागत नाही. खोली थोडी तापली की परत सुरू. मध्ये साधारण ३ मिनिटं तो सुरू होतच नाही, रिमोट कितीही दाबा, कारण गॅसचं प्रेशर दोन्ही बाजूंना सारखं व्हायला तेवढा वेळ द्यावाच लागतो. इन्व्हर्टर एसीत तर कॉम्प्रेसर बहुतेक वेळा थांबण्याऐवजी हळू होतो, त्यामुळे हे फार जाणवतही नाही.

ट्रिप म्हणजे एसीला झेपेना म्हणून तो थांबला. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच) पडला तर कळतंच, सगळंच बंद होतं. घोळ होतो तो दुसऱ्या प्रकारात. कॉम्प्रेसर अति तापला की त्याचं ओव्हरलोड, म्हणजे त्याला वाचवायला बंद करणारा छोटा स्विच, उडतं, पण आतला पंखा आणि डिस्प्ले चालूच, म्हणजे दिसायला अगदी कट-ऑफसारखं!

मग ओळखायचं कसं? बंद झाला तेव्हा खोली गार होती की गरम, एवढंच आधी बघा. गार असेल तर कट-ऑफ. सेट २४ आणि खोली ३० ला असताना थांबला तर ट्रिप. अजून एक खूण म्हणजे गॅलरीत जाऊन बाहेरचं युनिट बघा. साध्या, म्हणजे नॉन-इन्व्हर्टर एसीत कट-ऑफला बाहेरचा पंखाही थांबतो, पण ओव्हरलोड उडालं असेल तर पंखा फिरत राहतो आणि कॉम्प्रेसरची घरघर तेवढी गायब असते. आणि परत सुरू व्हायला ३ मिनिटं नाही, कधी कधी अर्धा तास लागतो कारण तो थंड व्हावा लागतो.

नागपूरला मावशीकडे हेच झालं होतं. दुपारी दोन वाजले की एसी बंद, रात्री मात्र मस्त चालायचा. मेकॅनिक म्हणाला गॅस संपलाय. खरं तर गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, लीक असेल तरच कमी होतो, त्यामुळे लीक न शोधता नुसता गॅस भरणाऱ्याला आधी लीक दाखव म्हणावं. मी बाहेरचं युनिट बघितलं तर पश्चिमेच्या भिंतीवर, भर उन्हात, आणि मागची जाळी धूळ आणि कापसाच्या तंतूंनी अशी भरलेली की नखाने ओढलं तर गोधडीसारखा थर निघाला. उष्णता बाहेर पडणार कुठून? मेन स्विच बंद केला, आधी थर ब्रशने काढला, मग पाइपने हलक्या धारेने जाळी धुतली, पूर्ण वाळू दिली.

जाळी स्वच्छ असूनही ट्रिप होत असेल तर कपॅसिटर (कॉम्प्रेसरला सुरू व्हायला जोर देणारा भाग) उतरलेला असू शकतो किंवा व्होल्टेज कमी, ते मेकॅनिकलाच बघू द्या. एमसीबी मात्र पुन्हा पुन्हा वर करू नका आणि कोणी मोठ्या अँपिअरचा टाकून देतो म्हणाला तर ऐकू नका, मग तो पडणार नाही पण भिंतीतली वायर तापेल, आग अशीच लागते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीचा फोन, अरे परत बंद पडला. म्हटलं खोली कशी आहे? म्हणाली, गार आहे की, मी शाल घेऊन बसलेय.