बर्गर आतून शिजला का? या प्रश्नामागचा इतिहास

सोलापुरात घरी खिमा करताना कुणी थर्मामीटर शोधत नाही. तेल सुटलं, तर्री वर आली की झालं. खिमा बराच वेळ रटरटत असतो, त्यामुळे हा अंदाज सहसा चुकत नाही. पण सात रस्ता, होटगी रोडकडे मिळणाऱ्या चिकन बर्गरची पॅटी तव्यावर काही मिनिटंच असते. तिला तेल सुटण्याची खूण लावता येत नाही.

अखंड मांसावरचे जंतू बहुतेक पृष्ठभागावर असतात आणि आचेनं मरतात. मांस दळलं की तेच जंतू आत, मधोमध जातात. १९८२ मध्ये अमेरिकेत ओरेगन आणि मिशिगन राज्यांत बर्गर खाल्लेल्यांना रक्ताचे जुलाब झाले. तपासात ई. कोलाय ओ१५७:एच७ हा जंतू सापडला. गुरांच्या आतड्यात राहणारा हा जंतू लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी करू शकतो.

त्यानंतरही यंत्रणा जागी व्हायला ११ वर्षं लागली. १९९३ मध्ये ‘जॅक इन द बॉक्स’ या साखळीचे बर्गर खाऊन ७०० हून अधिक लोक आजारी पडले आणि ४ मुलं गेली. त्यांतल्या एका बाळानं तो बर्गर खाल्लाही नव्हता. त्याला दुसऱ्या मुलाकडून लागण झाली. वॉशिंग्टन राज्याचा नियम पॅटी आतून सुमारे ६८ अंश सेल्सिअसपर्यंत तापवण्याचा होता, पण साखळी ६० अंशांच्या जुन्या मापावर चालली होती. फरक ८ अंशांचा! पुढच्याच वर्षी दळलेल्या गोमांसात हा जंतू सापडणं म्हणजे भेसळ, असं सरकारनं ठरवलं.

रंगावर भरवसा ठेवू नये, हेही त्याच दशकात कळलं. काही पॅटी पुरेशा तापण्याआधीच आतून तपकिरी होतात. म्हणून तिथे घरच्या स्वयंपाकासाठी दळलेल्या मांसाला ७१ अंश आणि कोंबडीला ७४ अंश असा सल्ला रूढ झाला.

आपल्याकडे पॅटी बहुधा चिकनची असते, म्हणजे मुख्य धोका साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर या जंतूंचा. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यानंतर भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या तपासणी यादीत मांसाहारी पदार्थासाठी आतलं तापमान ठरलं: ६५ अंश १० मिनिटं, ७० अंश २ मिनिटं किंवा ७५ अंश १५ सेकंद. गोठवलेली पॅटी थेट तव्यावर टाकली तर बाहेरून खरपूस होते आणि मध्य गारच राहू शकतो. थर्मामीटरची सुई पॅटीत बाजूनं आडवी, मधोमध घालून तापमान मोजायचं असतं. काउंटरवर “दादा, पॅटी मोजून काढता का?” असं विचारायला मला आता संकोच वाटत नाही.