मॅट : उच्च न्यायालयाला पर्याय ते पहिली पायरी

मुदतपूर्व बदली, लांबलेले निलंबन, डावललेली पदोन्नती किंवा अडकलेले निवृत्तिवेतन, यांपैकी कोणत्याही कारणासाठी राज्य सरकारी कर्मचाऱ्याला सरकारविरुद्ध दाद मागायची असेल, तर त्याला आज थेट मुंबई उच्च न्यायालयात जाता येत नाही. त्याला आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातल्या ‘मॅट’मध्ये, मूळ अर्ज दाखल करावा लागतो. तेथे निकाल त्याच्या बाजूने लागला तरी प्रकरण संपतेच असे नाही. त्या निकालाविरुद्ध सरकार उच्च न्यायालयात रिट याचिका करू शकते आणि अनेकदा करतेही. ही दोन पायऱ्यांची रचना कायदा करणाऱ्यांच्या मनात नव्हती. ती १९९७ च्या एका निकालातून आली आणि त्या निकालाने मॅटचे स्थान इतके बदलले की त्याआधीची मॅट आणि त्यानंतरची मॅट यांचा विचार वेगवेगळाच करावा लागतो.

त्यामागचा जुना इतिहास थोडक्यात सांगता येईल. ब्रिटिश अमदानीत सरकारी नोकर सरकारची मर्जी असेपर्यंतच नोकरीत राहत असे. या तत्त्वाचा अर्थ किती टोकापर्यंत नेला गेला, हे ब्रिटिश साम्राज्याचे सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलच्या १९४८ च्या एका निकालावरून दिसते. सरकारी नोकराला थकलेल्या पगारासाठीसुद्धा सरकारवर दावा लावता येत नाही, असे मत त्यात मांडले गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये ते मत नाकारले आणि केलेल्या कामाचा पगार हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे, हे प्रस्थापित केले. संविधानाच्या अनुच्छेद ३१० मध्ये ‘मर्जी’चे तत्त्व कायम राहिले असले तरी अनुच्छेद ३११ ने चौकशीशिवाय बडतर्फी करता येणार नाही, असे कुंपण त्याला घातले. त्यानंतर कर्मचारी अनुच्छेद २२६ खाली, म्हणजे उच्च न्यायालयाच्या रिट अधिकाराखाली, मोठ्या संख्येने उच्च न्यायालयांत जाऊ लागले, आणि सेवाविषयक याचिकांचा साठा वाढत गेला.

या साठ्यावरचा उपाय म्हणून १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने सेवाविषयक वादांसाठी वेगळी न्यायाधिकरणे स्थापण्याची तरतूद करणारा अनुच्छेद ३२३-अ संविधानात घातला. दुरुस्ती आणीबाणीतली असल्यामुळे तिच्याकडे संशयाने पाहिले गेले, आणि तो संशय निराधार नव्हता; सर्वोच्च न्यायालयाचा विशेष अनुमतीचा (आपल्या परवानगीने अपील ऐकण्याचा) अधिकार सोडून इतर सर्व न्यायालयांची अधिकारिता काढून घेण्याची मुभा त्यात संसदेला दिली होती. प्रत्यक्ष कायदा मात्र १९८५ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर १९८५ रोजी केंद्रीय कर्मचाऱ्यांचे न्यायाधिकरण सुरू झाले. त्याच्या वैधतेचा प्रश्न १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने कायदा टिकवला. पण न्यायाधिकरण हे उच्च न्यायालयाला तितकेच परिणामकारक असा ‘पर्याय’ असले पाहिजे, ही अट घातली. केवळ सचिवपदाच्या अनुभवावर एखाद्याला अध्यक्ष करण्याची तरतूद याच अटीमुळे रद्द झाली.

महाराष्ट्राचे न्यायाधिकरण ८ जुलै १९९१ रोजी अस्तित्वात आले. मुख्य पीठ मुंबईत आणि इतर दोन पीठे नागपूर व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे बसू लागली. उच्च न्यायालयात पडून असलेल्या राज्य कर्मचाऱ्यांच्या सेवाविषयक याचिका तेथे वर्ग झाल्या. पीठावर एक न्यायिक आणि एक प्रशासकीय सदस्य असावा, ही कायद्यातली मूळ कल्पना होती. काही वर्गांतील प्रकरणे एकट्या सदस्यासमोर चालवण्याची सोयही ठेवली होती. दिवाणी प्रक्रिया संहितेचे बंधन नसल्यामुळे काम कागदपत्रांवर आणि प्रतिज्ञापत्रांवर चालते, आणि सरकारची बाजू सादरकर्ता अधिकारी मांडतो.

अर्जदारांना नडते ती मुदत. अर्ज एका वर्षात करावा लागतो, आणि त्याआधी वरिष्ठांकडे अपील किंवा निवेदन करून सहा महिने उत्तराची वाट पाहावी लागते. निवेदनावर निवेदन देत राहिले की मुदतही वाढत जाते, असा समज कार्यालयांत आजही आढळतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच तो खोडून काढला आहे, तरीही केवळ या समजापायी चांगली प्रकरणे मुदतीच्या मुद्द्यावर फेटाळली जातात. ही हानी सर्वांत जास्त होते ती मंत्रालयापासून दूर, तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या आणि सल्ल्यासाठी कोणी जवळ नसलेल्या कनिष्ठ कर्मचाऱ्यांची.

पहिली पावणेसहा वर्षे मॅटचा निकाल जवळपास अखेरचा असे, कारण त्यापुढे फक्त दिल्लीचा रस्ता उरत होता. १८ मार्च १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही स्थिती बदलली. उच्च न्यायालयांचा अनुच्छेद २२६ व २२७ खालील न्यायालयीन पुनर्विलोकनाचा (सरकार आणि न्यायाधिकरणांचे निर्णय तपासण्याचा) अधिकार हा संविधानाच्या मूलभूत संरचनेचा भाग असल्यामुळे तो घटनादुरुस्तीनेही काढून घेता येणार नाही, असे या पीठाने ठरवले आणि अधिकारिता वगळणारी तरतूद रद्द केली. न्यायाधिकरणे राहतील, परंतु ती उच्च न्यायालयाला पर्याय म्हणून नव्हे तर ‘पूरक’ म्हणून. आणि त्यांचे निकाल त्या त्या उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या खंडपीठापुढे तपासले जातील.

‘पर्याय’ आणि ‘पूरक’ या दोन शब्दांतले अंतर वरवर पाहता लहान वाटते. मॅटच्या संदर्भात सगळा वाद त्या अंतरातच आहे. पर्याय म्हटले की संस्था उच्च न्यायालयाच्या जागी बसते आणि तिचा निकाल कर्मचाऱ्याला लवकर मोकळे करतो. पूरक म्हटले की ती उच्च न्यायालयाच्या दाराबाहेरची ओसरी होते. मात्र निकालाने ओसरी टाळून आत जाण्याची परवानगीही दिली नाही. एखाद्या सेवानियमाची घटनात्मक वैधता आव्हानाखाली असली तरी कर्मचाऱ्याने आधी न्यायाधिकरणातच गेले पाहिजे, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे; अपवाद फक्त न्यायाधिकरण स्थापन करणाऱ्या कायद्यालाच आव्हान दिले असेल तर. म्हणजे अंतिमता गेली, पण अनिवार्यता राहिली.

हा निकाल घटनेच्या दृष्टीने योग्य होता, याबद्दल प्रस्तुत लेखकाला शंका नाही. कार्यकारी यंत्रणेच्या साहाय्याने नेमलेल्या सदस्यांच्या हाती शेवटचा शब्द सोपवणे धोक्याचे होते, आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याचा खर्च सामान्य अर्जदाराला झेपत नाही, ही निकालातली चिंताही खरी होती. अडचण अशी की नव्या पायरीचा भार दोन्ही पक्षांवर सारखा पडत नाही. सरकारचा वकील दोन्ही ठिकाणी जनतेच्या पैशाने उभा राहतो. कर्मचारी दोन्ही ठिकाणी स्वतःच्या पगारातून किंवा निवृत्तीच्या रकमेतून फी भरतो. निवृत्तीला एक-दोन वर्षे उरलेली असताना पदोन्नतीचे प्रकरण जिंकणाऱ्याच्या बाबतीत सरकारची एक याचिका आणि तिच्यावरची स्थगिती पुरेशी ठरते. निकाल कायद्याने त्याच्या बाजूचा राहतो, पण त्या खुर्चीत बसण्याची वेळ निघून गेलेली असते.

येथे बोलीतल्या एका शब्दाची उकल करणे आवश्यक आहे. मॅटच्या निकालावर हायकोर्टात ‘अपील’ केले, असे सर्रास म्हटले जाते; प्रत्यक्षात ते अपील नसते. रिट अधिकारितेत उच्च न्यायालय पुरावा नव्याने तोलायला सहसा बसत नाही. कायद्याची चूक, अधिकारितेचा भंग किंवा उघड विपर्यास आहे का, एवढेच पाहते. विभागीय चौकशीतील वस्तुस्थितीबद्दल मॅटने काढलेले निष्कर्ष म्हणूनच बहुधा टिकतात. आपले सर्व कागद मॅटमध्येच दाखल करणे किती महत्त्वाचे आहे, हे ‘अपील’ या शब्दामुळे अनेकांच्या लक्षात येत नाही. याउलट मॅट म्हणजे न्यायालयच नव्हे, असे मानून आदेश बाजूला ठेवणारे अधिकारीही आहेत. न्यायाधिकरणांना अवमानाबद्दल शिक्षा करण्याचा अधिकार १९९७ नंतरही कायम आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००० मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

मॅटच्या कामाला सध्याचे रूप आले ते मात्र बदल्यांच्या कायद्यामुळे. २००६ पासून अमलात आलेल्या या कायद्याने एका पदावर सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा कार्यकाळ आणि बदल्यांसाठी एप्रिल-मे हा काळ ठरवून दिला. मुदतीआधी किंवा अवेळी बदली करायची तर विशेष कारणे लेखी नोंदवावीत आणि लगतच्या वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी, अशी अटही घातली. त्याआधी बदली ही सेवेतली नेहमीची बाब मानून न्यायालये तीत फारसे लक्ष घालत नसत. आता फाइल मागवून कारण नोंदले आहे की नाही, हे तपासता येऊ लागले. ‘प्रशासकीय सोय’ एवढेच दोन शब्द लिहून केलेल्या बदल्या मॅटने याच आधारावर रद्द केल्या आहेत. याच कायद्याचा दुसरा भाग दप्तर दिरंगाईचा आहे आणि नस्ती (फाइल) सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक अडवून ठेवू नये, असे तो सांगतो. परंतु ज्याची नस्ती अडते त्या नागरिकाला मॅटमध्ये येता येत नाही, कारण मॅट फक्त सेवाविषयक बाबी ऐकते. एकाच कायद्याच्या दोन भागांपैकी कर्मचाऱ्याच्या बाजूच्या भागाला मंच मिळाला आणि जनतेच्या बाजूचा भाग बव्हंशी कागदावर राहिला.

अलीकडच्या प्रकरणांत मॅटचा आवाका विस्तारलेला दिसतो. पदोन्नतीतील आरक्षणासंबंधीचा मे २००४ चा शासन निर्णय मॅटने नोव्हेंबर २०१४ मध्ये रद्द ठरवला. उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये तो रद्दच ठेवला आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी पर्याय ठेवण्याचा आदेश मॅटने दिला. सरकारने त्याला उच्च न्यायालयात आव्हान दिले, तेथे सरकारच्या दिरंगाईबद्दल कठोर शब्द ऐकावे लागले आणि अखेर अर्जात तिसरा पर्याय ठेवण्याचे मान्य करावे लागले.

इतर राज्यांनी दरम्यान वेगळी वाट धरली. मध्य प्रदेश आणि तामिळनाडू यांनी आपली न्यायाधिकरणे बंद केली. हिमाचल प्रदेशाने बंद करून पुन्हा सुरू केली आणि २०१९ मध्ये पुन्हा बंद केली. त्याच वर्षी ओडिशाचे न्यायाधिकरणही गुंडाळले गेले. १९९७ नंतर ही संस्था केवळ वाढीव पायरी ठरली, हे त्यासाठीचे मुख्य कारण होते, आणि राज्याला असा निर्णय घेता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये मान्य केले. महाराष्ट्राने मॅट टिकवून ठेवली आहे. बदलीच्या हंगामात तेथे अंतरिम आदेशासाठी रांग लागते, आणि निकाल हाती पडताच जिंकलेल्या कर्मचाऱ्याला त्याचा वकील पहिला सल्ला देतो तो उच्च न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे आपले म्हणणे ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये अशी आगाऊ सूचना, दाखल करून ठेवण्याचा.