जेफ्रीज बे: लाटेचा अंदाज आणि वाऱ्याचा भरवसा

दर पावसाळ्यात मुंबईच्या बातम्यांत एक ओळ हमखास येते: ‘समुद्राला उधाण, आज ४.८ मीटर उंचीच्या लाटा उसळणार.’ मग अर्धी मुंबई मोबाइल घेऊन मरीन ड्राइव्हवर उभी. गंमत अशी की हा आकडा लाटांचा नसतोच, भरतीचा असतो. सागरी नकाशांसाठी पाण्याची एक नीचतम पातळी शून्य धरतात. भरतीला पाणी त्या शून्याच्या किती वर चढेल, एवढंच तो सांगतो. हे पाणी सहा-सव्वासहा तासांत सावकाश चढतं आणि तसंच सावकाश उतरतं. समुद्र अगदी सपाट असला तरी भरती ४.८ मीटरची असू शकते. महापालिकेला हा आकडा हवा असतो तो वेगळ्याच कारणासाठी. भरती साडेचार मीटरच्या वर आणि त्याच वेळी धो धो पाऊस, असं जुळून आलं की शहरातलं पाणी समुद्रात जायला वाट राहत नाही.

भरतीचं वेळापत्रक वर्षभर आधी छापता येतं, कारण ते चंद्र-सूर्याच्या हाती आहे. लाटा होतात वाऱ्याने. हा फरक न कळल्यामुळेच सुपरमून, म्हणजे पृथ्वीच्या जवळ आलेला पौर्णिमेचा चंद्र, आला की ‘त्सुनामी येणार, किनाऱ्यावर जाऊ नका’ असे निरोप फिरू लागतात. मार्च २०११ मध्ये तर जपानच्या त्सुनामीचं खापर आठ दिवसांनी यायच्या सुपरमूनवर फोडून झालं होतं. भूकंपाने होणाऱ्या त्सुनामीचा तर वाऱ्याशीही संबंध नाही, पण निरोप पुढे ढकलणाऱ्याला त्याचं काय!

मग लाटांचा खरा अंदाज कसा असतो? तो बघायचा तर सर्फिंगवाल्यांचा बघावा. मी स्वतः सर्फिंग करत नाही, पण दक्षिण आफ्रिकेतल्या जेफ्रीज बेचा अंदाज मात्र आवडीने वाचतो. पूर्वीचं पोर्ट एलिझाबेथ, आताचं गेबेर्हा, त्याच्या पश्चिमेला पाऊणशे किलोमीटरवर हे गाव. इथला ‘सुपरट्यूब्स’ हा जगातला एक नावाजलेला पॉइंट ब्रेक. पॉइंट ब्रेक म्हणजे अशी जागा, जिथे किनाऱ्याच्या टोकापाशी लाट तिरकी येते. ती सगळीच्या सगळी एकदम कोसळत नाही. एका कडेला फुटायला लागते आणि किनाऱ्याच्या कडेकडेने ओळीने फुटत जाते. चांगल्या दिवशी स्वार फुटत्या कडेच्या पुढे राहून शेकडो मीटर जातो.

अंदाजातली ओळ साधारण अशी असते: ‘स्वेल नैऋत्येकडून, ३ मीटर, १६ सेकंद, वारा पश्चिमेचा, १० नॉट.’ (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल.) नवखा माणूस ३ मीटर बघतो. जाणकार आधी १६ सेकंद बघतो.

स्वेल म्हणजे दूरच्या वादळात जन्मून, ते वादळ मागे टाकून आलेल्या लाटा. आफ्रिकेच्या दक्षिणेला ४० ते ५० अक्षांशांत, भूगोलाच्या पुस्तकात ज्यांना ‘गर्जणारे चाळीस’ म्हणतात त्या पट्ट्यात, वाऱ्याला अडवायला जमीन जवळपास नाहीच. जून ते ऑगस्टच्या हिवाळ्यात तिथून कमी दाबाची वादळं एकामागून एक पूर्वेकडे सरकत असतात. वादळाच्या पोटात पाण्यावर नुसता गोंधळ असतो: लहान लाटा, मोठ्या लाटा, सगळ्या एकमेकींवर चढलेल्या. दोन दिवसांनी हाच गोंधळ जेफ्रीज बेला पोचतो तेव्हा त्याच्या शिस्तशीर रांगा झालेल्या असतात. ही शिस्त कोणी लावली?

मला या विषयात सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. आवाजाचे सूर, उंच असोत वा खालचे, हवेतून एकाच वेगाने जातात. खोल पाण्यातल्या लाटा तसं करत नाहीत. तिथे जिचा आवर्तकाल, म्हणजे एक माथा आल्यापासून पुढचा माथा येईपर्यंतचा वेळ, जास्त असतो ती लाट जास्त वेगाने धावते. सूत्र सोपं आहे. आवर्तकालाचे सेकंद गुणिले १.५६, की आला लाटेचा वेग, मीटर प्रति सेकंदात. १६ सेकंदांची लाट सेकंदाला २५ मीटर जाते, म्हणजे ताशी ९० किलोमीटर. तिच्या दोन माथ्यांत ४०० मीटर अंतर असतं. ८ सेकंदांची लाट बरोबर निम्म्या वेगाने जाते आणि तिची तरंगलांबी जेमतेम १०० मीटर.

पण इथे एक मेख आहे. लाटेचा माथा ज्या वेगाने पळतो त्या वेगाने तिची ऊर्जा पळत नाही. लाटा एकट्या जात नाहीत, घोळक्याने जातात, आणि खोल पाण्यात घोळक्याचा वेग माथ्याच्या वेगाच्या बरोबर निम्मा असतो. त्याला समूहवेग म्हणतात. घोळक्यातल्या एका माथ्यावर नजर ठेवली तर तो मागच्या टोकाला उगवतो, घोळक्यातून पुढे पुढे सरकतो आणि पुढच्या टोकाला विरून जातो. मागे तोवर नवा उगवलेला असतो. वादळातून निघालेली ‘ती’ लाट किनाऱ्याला पोचतच नाही. पोचते ती तिच्या घोळक्याची ऊर्जा. म्हणून प्रवासाचा हिशेब करताना १.५६ नाही, ०.७८ ने गुणायचं.

आता वादळ २,००० किलोमीटरवर आहे असं धरू. १८ सेकंदांच्या लाटांचा समूहवेग ताशी सुमारे ५० किलोमीटर, त्यांना किनारा गाठायला ४० तास लागतात. १२ सेकंदांच्या लाटा ताशी ३४ किलोमीटरने येतात, त्यांना लागतात ५९ तास. एकाच वादळात एकाच वेळी सुटलेल्या लाटा, पण किनाऱ्यावर पोचताना त्यांच्यात जवळपास २० तासांचं अंतर पडलं. आधी लांब आवर्तकालाच्या येतात, पुष्कळदा उंचीने इतक्या किरकोळ की नुसत्या डोळ्यांना काही जाणवू नये. मग हळूहळू १६, १४, १२ सेकंदांच्या. वादळातला गोंधळ अंतराने चाळून निघतो. वादळ ४,००० किलोमीटरवर असेल तर तेच अंतर ४० तासांचं होतं.

याचा उलटा उपयोगही होतो. आवर्तकाल किती वेळात किती उतरला एवढं मोजलं की वादळ किती दूर होतं ते कळतं. आलेल्या लाटांची वारंवारता, म्हणजे एक भागिले आवर्तकाल, आणि वेळ यांचा आलेख काढला तर सरळ रेष येते, आणि तिच्या चढात अंतर दडलेलं असतं. एका किनाऱ्यावर, पाण्याचा दाब मोजणाऱ्या एका दाबमापकाच्या जोरावर! कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेतले वॉल्टर मंक यांनी हीच युक्ती वापरून मेक्सिकोजवळच्या ग्वादालूप बेटापाशी पोचलेल्या लाटांचा माग हिंदी महासागरापर्यंत काढला. १९६३ मध्ये त्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणी केंद्रांची साखळी मांडली आणि अंटार्क्टिकाजवळच्या वादळांतून निघालेल्या लाटा सबंध प्रशांत महासागर ओलांडताना टिपल्या. वादळाचा परिसर सुटला की या लाटांची ऊर्जा वाटेत फारशी खर्चच होत नाही, असं त्यात दिसलं. या मोजणीवरच्या शोधनिबंधाच्या लेखकांत क्लाउस हासेलमान हेही एक. हवामानाच्या प्रतिमानांसाठी (गणिती मॉडेलांसाठी) २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्यांना विभागून मिळालं तेच.

अंदाजातल्या ‘३ मीटर’लाही मंक यांचाच हात लागलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवायचं तर लाटा किती असतील हे आधी कळायला हवं होतं. त्यासाठी समुद्रशास्त्रज्ञ हाराल्ड स्वेर्ड्रुप आणि मंक यांनी पद्धत बसवली. तीत लाटांची उंची म्हणजे सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी. म्हणजे अंदाज ३ मीटरचा असला तर त्यापेक्षा मोठ्या लाटा येणारच, हजारात एखादी पावणेदोनपट-दुप्पटही. ‘सातवी लाट मोठी’ अशी खलाशांची समजूत आहे, काही ठिकाणी नववी म्हणतात. जवळजवळच्या आवर्तकालांच्या लाटा एकमेकींत मिसळून मोठ्या लाटांचे झुबके येतात हे खरं, पण ते सात मोजून येत नाहीत.

जेफ्रीज बेच्या हिशेबात पुढचं वळण म्हणजे खरोखरीचं वळण. गाव एका उपसागराच्या आत, केप सेंट फ्रान्सिस या भूशिराच्या आडोशाला आहे. नैऋत्येकडून आलेला स्वेल सरळ पुढे निघून जायला हवा. तो वळतो, कारण तळ लागतो. पाण्याची खोली तरंगलांबीच्या निम्म्याहून कमी झाली की लाटेला तळाची जाणीव होते, आणि उथळ पाण्यात ती मंदावते. पाच मीटर खोलीवर वेग सेकंदाला सात मीटरपर्यंत उतरलेला असतो. चौकात लेझीम पथकाची रांग वळते तेव्हा आतले गडी बारीक पावलं टाकतात आणि बाहेरचे मोठी ढांग टाकतात. लाटेची रांग अशीच उथळ बाजूकडे वळते. शाळेत काचेतून जाणाऱ्या प्रकाशाचं जे अपवर्तन शिकलो तेच हे. १६ सेकंदांच्या लाटेला २०० मीटर खोलीपासून तळ जाणवू लागतो, ८ सेकंदांच्या लाटेला ५० मीटरपासून. लांब आवर्तकालाची लाट त्यामुळे दुरूनच वळायला लागते आणि आत येते, आखूड लाट भूशिराला वळसा न घालता बरीचशी निघून जाते. समुद्रात उंची तीच ३ मीटर, पण १० सेकंदांचा स्वेल असेल तर सुपरट्यूब्सवर निराशा आणि १६ सेकंदांचा असेल तर झुंबड.

दक्षिण हिंदी महासागरातल्या अशाच वादळांचा स्वेल उत्तरेकडे निघाला तर आपल्याकडेही येतो. तिथून मुंबई सात-आठ हजार किलोमीटर, म्हणजे लांब लाटांना सुमारे आठवडाभराचा प्रवास. ४ आणि ५ मे २०२४ साठी हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सागरी माहिती केंद्राने असा इशारा दिला होता. आकडा होता अर्धा ते दीड मीटर. आता दर पावसाळ्यात ‘४.८ मीटरच्या लाटा’ वाचणाऱ्याला दीड मीटर म्हणजे किरकोळच वाटणार! पण हा आकडा खऱ्या लाटांचा असतो. आकाश निरभ्र, वारा पडलेला, आणि लांब आवर्तकालाची लाट वाळूवर नेहमीपेक्षा कितीतरी आत येऊन माणसाला पायातून ओढते. केरळातले मच्छीमार या प्रकाराला कळ्ळक्कडल म्हणतात.

राहिला वारा. स्वेलचा अंदाज म्हणजे एका अर्थी घडून गेलेल्या गोष्टीचा हिशेब: वादळ झालेलं आहे, लाटा निघालेल्या आहेत, पोचायची वेळ काढायची. वाऱ्याचं सगळंच पुढचं. जेफ्रीज बेला पश्चिमेचा किंवा नैऋत्येचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो येणाऱ्या लाटेला समोरून रेटतो, तिचा उतार गुळगुळीत ठेवतो आणि फुटणं थोडं लांबवतो. पूर्वेचा वारा पाठीमागून ढकलतो, लाट खडबडीत होते आणि लवकर कोसळते. निसर्गाची मेहेरबानी अशी की थंड हवेची आघाडी पुढे सरकली की तिच्या मागे नैऋत्येचाच वारा येतो, म्हणजे जे वादळ लाटा धाडतं तेच पुष्कळदा वाराही हवा तसा देतं. पण पश्चिमेकडून जास्त दाबाचा पट्टा मागोमाग सरकत येतो आणि वारा आग्नेयेला, मग पूर्वेला फिरतो. दूरच्या वादळाचा स्वेल पोचेपर्यंत तो फिरलेला असला तर सगळा हिशेब बरोबर येऊनही हाती काही लागत नाही. त्यात खारे आणि मतलई वारे रोजचे. सकाळी जमिनीकडून, दुपारी समुद्राकडून. जागतिक प्रतिमानांच्या जाळीतला एकेक चौकोन कित्येक किलोमीटरचा. भूशिरामागचा एवढासा कोपरा त्यात मावत नाही. आपल्या कोकणात पावसाळ्यात लाटा मोठ्या असूनही सर्फिंगला निरुपयोगी का, त्याचंही उत्तर यातच आहे: चार महिने वारा समुद्राकडून, आणि लाटा बहुतेक त्याच वाऱ्याच्या, आखूड.

हल्ली संकेतस्थळं सोळा-सोळा दिवसांचे अंदाज देतात, वर दिवस किती चांगला ते सांगायला प्रत्येक दिवसाला तारे. सोळाव्या दिवशीचा जेफ्रीज बेचा स्वेल ज्या वादळातून यायचा ते अजून जन्मालाही आलेलं नसतं. ताऱ्यांना त्याची फिकीर दिसत नाही. जुलैत तिथे झालेल्या जागतिक स्पर्धांचे आयोजक प्रत्यक्ष लागत त्यापेक्षा जास्त दिवस हाताशी ठेवत आणि आज खेळायचं की नाही ते त्या त्या सकाळी ठरवत. मीही स्वेल वाचतो तो पुढच्या तीन दिवसांचा, वारा फक्त उद्या सकाळचा. तारे बघत नाही.