कासवांच्या अंड्यांची उबवणी (ठाणे-नवी मुंबई परिसर)

कासवी नुसत्या नजरेने पिल्लांना पोसते, असा दृष्टान्त संतवाङ्मयात वारंवार येतो. प्रत्यक्षात खड्डा बुजवून गेलेली कासवी घरट्याकडे पुन्हा फिरकत नाही. ऊब आणि ओल दोन्ही मातीच पुरवते. अंडे कधी फुटेल, पिल्लू केवढे असेल आणि पुष्कळ जातींत ते नर होईल की मादी, हे त्यांवरच ठरते.

तापमान : उबेवर पिल्लाचे लिंग ठरते, या शोधाचे श्रेय कोणाचे याबाबत एकवाक्यता नाही. मॅडलिन शार्निए यांनी १९६६ मध्ये डाकार येथे अगामा सरड्यावर केलेली नोंद सहसा पहिली मानली जाते. मात्र ती कासवांविषयी नव्हती. कासवांपुरते बोलायचे तर क्लोद प्यो यांच्या १९७१ च्या सुमाराच्या कामाला अग्रमान देणे अधिक रास्त वाटते. त्यावरही आक्षेप राहिला, की एका लिंगाचे गर्भ उष्णतेने मरत असतील आणि उरलेल्यांची मोजदाद फसवी असेल. बुल आणि व्होग्ट यांनी १९७९ मध्ये प्रयोगशाळा व नैसर्गिक घरटी या दोन्हींतील पुरावा मांडल्यावर तो आक्षेप मागे पडला. उबवणीच्या काळाचे तीन सारखे भाग केले, तर लिंग ठरते ते साधारण मधल्या भागात. लाल कानाच्या स्लायडर कासवात २६° से. ला जवळपास सर्व नर आणि ३१° से. ला सर्व माद्या निपजतात. समसमान प्रमाण सुमारे २९° च्या आसपास येते. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाचा हा बिंदूही २९° ते ३१° च्या दरम्यान दिला जातो. एका अंशाचा फरक पारडे फिरवू शकतो, त्यामुळे कोणत्याही घरट्याचे नुसते ‘सरासरी तापमान’ फारसे काही सांगत नाही. स्लायडरमध्ये थंड उबवणीत केडीएम६बी हे जनुक जागे होऊन वृषण घडवते, असे २०१८ मध्ये दाखवण्यात आले.

ओल : पावसाळ्यात इथली हवा इतकी दमट असते, की अंड्यांना वेगळे पाणी कशाला, असा प्रश्न घरी कासव पाळणाऱ्याला पडतो. हवेतला दमटपणा निराळा, वाळूतली ओल निराळी. अंडे पाणी घेते ते मुख्यतः त्याला टेकलेल्या मातीतून. चामड्यासारख्या मऊ कवचाचे अंडे कोरड्यात पडले की त्याला बोटाने दाबल्यासारखा खळगा पडतो. ओल मिळाली की ते पुन्हा टपोरे होते. पॅकर्ड दांपत्याच्या अमेरिकेतील प्रयोगांत ओल्या मातीत उबवणी थोडी लांबली, बलक अधिक वापरला गेला व पिल्ले मोठी निघाली. कठीण कवचाच्या अंड्यांवर हा परिणाम फार कमी दिसतो. अति ओलीत मात्र मातीतली हवा संपून गर्भ गुदमरतो.

ओल स्वतः लिंग ठरवते का? १९८३ मध्ये गुट्झके व पॉक्स्टिस यांनी ‘पेंटेड टर्टल’ या अमेरिकेतल्या कासवाच्या जातीवरून तसे सुचवले होते, पण पुढील प्रयोगांत तो निकाल नीट उभा राहिला नाही. पावसाने वाळू थंडावते व नर वाढतात, हे स्पष्टीकरण अधिक पटणारे आहे. म्हणजे ओल उबेच्या वाटेनेच काम करते.

अंडे हलवताना ते गोल फिरवू नये. घातल्यानंतर काही तासांतच गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो आणि तिथे पांढरा ठिपका दिसू लागतो. तो ठिपका वरच राहिला पाहिजे.

स्थानिक स्थिती : ठाण्याची खाडी गाळ व खारफुटीची आहे, रिडलेला लागणारी मोकळी वाळू तिच्या काठाला नाही. जुन्या ठाणे जिल्ह्याचा बहुतांश समुद्रकिनारा १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. त्यामुळे ऊब आणि लिंग यांची इथे होणारी चर्चा बहुधा रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावरील रिडलेच्या पिल्लांवरून किंवा फिशटँकमधल्या स्लायडरवरून सुरू होते. स्लायडर मूळचे अमेरिकेतले. मोठे झाले की लोक त्याला तलावात सोडतात.

तळी आणि भातखाचरांतले आपले कासव वेगळे. मऊ पाठीचे, मागच्या पायांवर झडपा असलेले लिस्सेमिस पंक्टाटा हे मृदुकवच कुळातले असून, या कुळाच्या अभ्यासलेल्या जातींत लिंग उबेवर नव्हे, आनुवंशाने ठरते. त्याचे अंडे गोल, टणक व ठिसूळ असते. आत गर्भ काही काळ वाढ थांबवून राहतो, त्यामुळे उबवणी महिनोन्महिने चालते आणि पिल्ले पावसाच्या सुमारास बाहेर पडतात, असे नोंदले गेले आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार ही जात संरक्षित असल्याने तिची अंडी उचलणे किंवा घरी उबवणे गुन्हा ठरतो. तिला खड्डा खणायला काठाची माती लागते. ठाण्यातील अनेक तलावांचे काठ आज दगडी किंवा काँक्रीटचे आहेत.